सपनाचा फोटो

सूर्यमाळच्या राहीला आपल्या पहिल्या पोराचं, सोम्याचं, नाक आठवत नसे. डोळे आठवत, हसणं आठवे, नाक काही केल्या नाही. दीड वर्षाचा होऊन गेला बिचारा, एक फोटो मागे नाही. म्हणून सपना झाल्यावर राहीनं एकच ध्यास घेतला, हिचा एक तरी फोटो घरात पाहिजे. पण वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर, घरात बटणांचा मोबाइल. आज काढू, उद्या काढू करता करता पोर दोन वर्षांची झाली.

मग सिनेमावाले आले. लढाईत जाऊन फोटो काढणारी कुणी पहिलीवहिली बाई होऊन गेली, तिच्या आयुष्यावर सिनेमा. गावच्या माळावर त्यांनी परमुलखातलं जळकं गाव उभं केलं. मोखाड्याचा जीपवाला गोरख त्यांच्यासाठी माणसं गोळा करत पाड्यापाड्यांतून फिरला. घर जळालेल्या बाया हव्या होत्या, कडेवर हडकुळं पोर असलं तर उत्तमच. सपना अंगणवाडीच्या काट्यावर कायम कमी भरायची. तिच्या हडकुळेपणाचं कौतुक झालं ते तिथंच. आग लागो असल्या कौतुकाला!

राहीनं पोरीला न्हाऊ घातलं, तेल लावून केस विंचरले, काजळ घातलं. तिथल्या माणसानं त्या सगळ्यावर राख फासली. मग गळ्यात काळा कॅमेरा अडकवलेली नटी पुढे आली, गुडघे टेकून वाकली आणि तिनं सपनाचे खटाखट चार फोटो काढले. राही हरखून गेली. राखेतला का होईना, फोटो तो फोटो.

परतताना गोरखनं आपणहून मोबाइल काढला. "वहिनी, पोरीला नीट धर, एक काढतो."

"राहू दे दादा, झोपलीय ती. बाईंनी काढलेत की चांगले चार, मोठ्या कॅमेऱ्यात."

श्रावणात सपनाला जुलाब लागले. वाटेत दरड पडलेली, झोळी करून न्यावं लागलं. मोखाड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर थंड पडली होती.

पोरीचे दिवस झाल्यावर राही थेट गोरखच्या जीपपाशी गेली. "दादा, त्या बाईंकडून माझ्या पोरीचा फोटो आणून दे. चारातला एक पुरे."

गोरखनं कुठं कुठं फोन केले. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, तो कॅमेरा रिकामा होता गं. नुसता दाखवायचा."

"मग ती बाई एवढी वाकून बघत काय होती?"



सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा गोरख धावतच पाड्यावर आला. सिनेमाचा खरा कॅमेरा वेगळा होता, त्यात तरी पोर आली असेल, अशी त्याची वेडी आशा. नटी फोटो काढते त्या जागी त्यानं चित्र थांबवलं. नटीचा पाणावलेला चेहरा होता. तिच्यासमोर एका बाईची पाठ, आणि पोर त्या पाठीपलीकडे.

राहीनं मोबाइल कलता करून पाहिला, पलीकडचं काही दिसतं का म्हणून. मग दोन्ही हातांनी तिनं कपाळ बडवून घेतलं.

"माझीच पाठ आडवी आली रं दादा! माझीच!"