आंबा घाटात न उठलेली विलायती गाडी

कोल्हापूरहून रत्नागिरीला कसं जावं, असं मला अजून कुणी ना कुणी विचारतं. मी रस्ता सांगतो, खाण्याची ठिकाणं सांगतो, आणि मग न विचारता त्या गाडीची गोष्टही सांगतो. आज ती लिहूनच टाकतो, म्हणजे माझ्या बायकोला, सुमनला, पुन्हा पुन्हा ऐकावी लागणार नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी एका फाउंड्रीत पॅटर्न बनवायचो, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने. दिवसभर लाकडाला गोलाई देणारा माणूस गाड्यांच्या प्रेमात पडणारच. एकदा माल न्यायला आलेला ट्रकवाला चहा पिता पिता म्हणाला, ‘‘रत्नागिरीजवळ खाडीकाठाला एका म्हाताऱ्याकडं दोन दारांची, लांब नाकाची विलायती गाडी हाय बघा. विकायचीय म्हणं.’’ त्या दिवसानंतर माझं कामात लक्ष लागेना.

अशा गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. दोघांनी ऐसपैस बसून लांबचा पल्ला गाठायचा, मागची सीट नावापुरती. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक गाडीचं सोडून किंमत विचारत बसतात.

‘‘नुसती बघून येऊ,’’ मी सुमनला म्हणालो.

‘‘नुसती बघायला बँकेतून पैसे कशाला काढलेत?’’ ती म्हणाली. पण बॅग तिनंच भरली.

जानेवारी होता. पहाटेच्या एसटीत खिडक्यांच्या फटींतून असा वारा यायचा की मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. मलकापूर, मग आंबा गाव, मग घाट. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा मफलर सोडला आणि गरम वडे खाल्ले. तिथंच कळलं, की घरून निघताना दगड झालेली सुमनची खोबरेल तेलाची बाटली घाट उतरल्यावर पातळ होऊन माझ्या चांगल्या शर्टावर गळली होती. पुढचे दोन दिवस मी तो वास घेऊन हिंडलो.

दुपारी खाडीकाठच्या त्या वाडीत पोचलो. कलमांना मोहोर आला होता. मी आधी पत्र टाकलं होतं, त्यामुळं गाडीचे मालक इब्राहिमचाचा अंगणात आमची वाट बघत उभे होते. बोटीवर सारंग होते ते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांच्या कंपनीतला एक इंग्रज साहेब मायदेशी परतताना ही गाडी त्यांना देऊन गेला होता. आंबे पिकत घालायच्या शेडमध्ये जुन्या शिडाच्या कापडाखाली ती उभी होती. चाचांनी कापड ओढलं. गर्द हिरवा रंग, चामड्याच्या सीट, लाकडी डॅशबोर्ड, आणि पुढचं नाक इतकं लांब की त्याची गोलाई हातानं चाचपल्याशिवाय मला राहवेना. खाऱ्या हवेत वीस वर्षं काढूनही कुठं गंजाचा डाग नव्हता.

‘‘दर शुक्रवारी नमाजावरून आलो की हिचं सगळं मीच करतंय,’’ चाचा म्हणाले. ‘‘दुसऱ्या कुणाला हात लावून देत नाय. थंडीत सकाळी जरा उशिरा उठते. ऊन लागलं की उठते.’’

चाचीनं तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं, वर नारळाच्या दुधाबरोबर सांदणं. जेवता जेवता चाचांनी आपली अट सांगितली.

‘‘गाडी द्यायला हरकत नाय. पण आधी आंबा घाट चढवा. वर मुक्काम करा, सकाळी कोल्हापूर गाठा, मंग मला तार करा. तार आली की मी कागदावर सही करतंय. नाय जमलं तर गाडी परत आणायची. जो हिला घाटापार नेईल त्याचीच ही.’’

‘‘अशी अट का, चाचा?’’

‘‘माझ्या पोराला नाय जमलं म्हणून,’’ ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

बाकीचं चाचीनं सुमनला स्वयंपाकघरात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत त्यांचा मुलगा रफिक गाडी घेऊन कोल्हापूरला निघाला, आंब्याला मुक्कामाला राहिला. सकाळी गाडी चालेना. खटपट करून करून बॅटरी उतरली. शेवटी ट्रकच्या मागं दोरानं बांधून गाडी घरी आणली. चाचांनी बॅटरी भरून आणली, किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या फटक्यात सुरू. ‘‘गाडीत दोष नाय, पोरात दोष,’’ असं ते भर अंगणात चार माणसांसमोर बोलले. कुणाच्या हातात देऊन गाडीचे हाल केलेस ते सांग, म्हणाले. महिन्याभरात रफिक कुवेतला गेला. पत्र यायचं ते चाचीच्या नावानं. ती मोठ्यानं वाचायची, चाचा पलीकडच्या खोलीतून ऐकायचे, पण विचारायचे काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो. हातखंब्याला पेट्रोल भरून घेतलं, कारण पुढं भरवसा नव्हता. मग पाली, नाणीज, साखरपा. एसटीत हाडं खिळखिळी करणारा तोच रस्ता या गाडीत मऊ वाटत होता. लोक हातातली कामं टाकून बघायचे. सुमन आधी पदर सावरून अवघडून बसली होती, नाणीज सोडलं तशी कोपर खिडकीवर टाकून बसली. घाट तर गाडीनं असा चढला की मला चाचांच्या अटीचं हसू आलं. संध्याकाळी आंब्याला एका खानावळवाल्यानं मागची खोली दिली, पिठलं-भाकरी आणि दोन घोंगड्या दिल्या. आयुष्यात इतका खूश मी क्वचितच असेन.

सकाळी धुकं होतं आणि बोटं वाकत नव्हती. किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरत सुरू झालं, पण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की गुदमरून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. खानावळवाला तोंड धूत धूत आला.

‘‘पावणं, ही गाडी हितं पहिल्यांदा न्हाई बंद पडली,’’ तो म्हणाला. ‘‘मागं एक पोरगं आलं होतं. दुपारपातूर रडकुंडीला आलं बिचारं.’’

रफिकसारखं बॅटरी उतरेपर्यंत झगडायचं नाही, एवढं मी ठरवलं. बॉनेट उघडलं. इंजिनाला पेट्रोल आणि हवा पुरवणाऱ्या कार्बोरेटरच्या डोक्यावर दोन पितळी टोप्या होत्या. त्यांच्या आत एक दांडी पातळ तेलात खालीवर सरकते, ती सरकली तरच इंजिनाला हवा मिळते. टोपी फिरवली, दांडी हलेना. जोर लावून उपसली, तर आत मेणासारखं पांढरंफेक काहीतरी गच्च बसलेलं. मेणबत्ती कुणी ओतली यात, असं मी म्हणत असतानाच सुमननं त्यात बोट घातलं, चोळलं, नाकाशी नेलं.

‘‘अहो, हे खोबरेल आहे,’’ ती म्हणाली.

धुकं विरत आलं तसं तिनं दोन्ही टोप्या आणि दांड्या सरळ उन्हाच्या तिरिपेत ठेवल्या, आपली बाटली रोज ठेवते तशी. आतलं तेल मी चमच्यानं खरवडलं आणि खानावळवाल्याच्या शिवणयंत्राचं तेल घातलं. गाडी एका फटक्यात उठली आणि पाय दाबताच तिनं झकास आवाज काढला. मी टाळी वाजवली. सुमननं नाही वाजवली.

‘‘म्हणजे त्या पोराचा काहीच दोष नव्हता,’’ ती म्हणाली.

मला ते तिच्याआधीच कळलं होतं, फक्त बोलायचं नव्हतं. कोल्हापूर दोन तासांवर होतं. तार केली की गाडी माझी. आणि हे चाचांना सांगितलं, तर पोराची गाडी ते कशाला विकतील? मी पंधरा मिनिटं उगाच काचा पुसल्या. सुमन गाडीत जाऊन बसली. बसली ती अशी की मला कोल्हापूरच्या दिशेनं नाक वळवता येईना. शेवटी घाट पुन्हा उतरलो. उतरताना मी तिच्यावर रागावलो होतो, हे कबूल करतो.

चाचा आम्हाला बघून म्हणाले, ‘‘नाय ना जमलं?’’ मी फडक्यात बांधलेला पांढरा गोळा त्यांच्यापुढं धरला. उन्हानं कडेनं पाघळला होता. त्यांनी वास घेतला आणि ओट्यावर खाली बसले.

‘‘साहेब बोलला होता, यात पातळ, साफ तेल घालीत जा,’’ ते म्हणाले. ‘‘घरच्या नारळाचं, घाण्यावरचं. ह्यापरीस साफ तेल खंय मिळायचं?’’

रत्नागिरीत ते पातळच राहत होतं. हिवाळ्यात सकाळी जरा आळसावायचं, आणि चाचा म्हणायचे गाडी उशिरा उठते. घाटावरची थंडी त्यांच्या हिशेबातच नव्हती.

त्या दिवशी रफिकला पत्र लिहिलं सुमननं, सांगितलं चाचांनी. मोहोर, मासळी, शेजाऱ्याची नवी होडी असं पानभर सांगून झालं. चाची दारात उभी होती. ‘‘लिव,’’ ते म्हणाले, ‘‘दोष माझ्या तेलात होता. तुझ्यात नव्हता.’’ चाचीनं पदर डोळ्यांना लावला, माझेही डोळे भरले. मघाचा राग कुठं गेला कळलं नाही.

गाडी घेऊन जा, सही करतो, असं चाचा म्हणाले. मी म्हणालो, रफिक आला की त्याला विचारा. आणि आम्ही एसटीनं घरी आलो. एवढा मोठेपणा करून मी पुढचे चार महिने चिडचिडा होतो, असं सुमन आजही सांगते.

मेमध्ये एका सकाळी आमच्या बोळात हॉर्न वाजला. रफिक चालवत होता, शेजारी चाचा, मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या. दोघंही आंब्याला मुक्काम करून आले होते. चाचा उतरले ते थेट शेजाऱ्यांच्या ओट्याशी गेले. ओळख ना पाळख, पण त्यांना सांगायला लागले, ‘‘पोरानं चढवलीन घाट. सकाळी पहिल्या फटक्यात उठवलीन.’’ मग समोरच्या किराणावाल्याला तेच. रफिक कुवेतला परतणार होता, गाडी सांभाळायला कुणी नव्हतं. कागद तो खिशात घेऊनच आला होता.

ती गाडी अजून माझ्याकडं आहे. इंजिनाच्या जोडांत बसणारी गॅस्केटं मी पुठ्ठ्याची कापली, सीट चपलांच्या कारागिराकडून शिवून घेतल्या, पॅटर्न करून एक दोन भाग ओतूनही घेतले. हिवाळ्यात सुमनची बाटली गाडीच्याच बॉनेटवर उन्हात असते. तुम्ही त्या वाटेनं गेलात, तर आंब्याला एक रात्र जरूर राहा.

बोळात उभा राहून रफिक हळूच मला म्हणाला होता, ‘‘मे महिन्यात खोबरेलावरसुद्धा उठली असती ही. पण अब्बांना बोलू नका.’’ चाचा तेव्हा चौथ्या दारापर्यंत पोचले होते.