काठोकाठ पन्हं

कैरी उकडल्याचा वास घरात भरला की मी अजूनही आठ वर्षांची होते.

दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास. घरात मी 'धांदरट' ठरले होते आणि मीही ते इमानेइतबारे निभावत होते. "सांडशील हं," असं आई म्हणाली की सांडायचंच. मग ती सुस्कारा टाकायची, "राहू दे, मी पुसते."

त्या दिवशी शेजारी नव्यानेच राहायला आलेल्या काकू स्वयंपाकघरात मदतीला होत्या. माझी कीर्ती त्यांना ठाऊक नव्हती. पन्ह्याने काठोकाठ भरलेल्या सहा काचेच्या ग्लासांचा ट्रे त्यांनी सरळ माझ्या हातात दिला. "चलो, तू हो पुढे, मी डाळ घेऊन आलेच."

"सांभाळून" असंसुद्धा म्हणाल्या नाहीत!

सतरंजीवर बसलेल्या बायकांचे पदर चुकवत मी चालले. वेलदोड्याचा वास थेट नाकाशी येत होता. पाच ग्लास दिले, थेंबही सांडला नाही. सहावा आईपुढे धरला, तो तिने गप्पांच्या नादात न बघताच घेतला. माझ्या हातात ट्रे बघून ती इतकी दचकली, की घेतलेला ग्लास तिच्याच नव्या साडीवर लवंडला.

बिचारी किती घाबरली असेल, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी सगळ्यांसमोर, ताठ मानेने म्हणाले,

"राहू दे आई, मी पुसते."