बंडूची शेपटी आणि आमचा फॅमिली ग्रुप

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची गोष्ट. वेंगुर्ल्याला मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि फोन सारखा वाजायला लागला... फॅमिली ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता आणि खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

व्हिडिओ माझ्याच घरातला होता. माझ्या पिंजऱ्यात तीन देगू एकमेकांना लोळवत होते, चिरकत होते... आणि मागून माझ्या चुलतदिरांचा आवाज येत होता, "बघा, कुस्ती बघा."

माझ्याकडे देगू दोनच आहेत. बंडू आणि खंडू.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. देगू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला एक छोटा प्राणी... खारीपेक्षा जरासा मोठा, गोल कान, शेपटीच्या टोकाला ब्रशसारखा झुपका. नवऱ्याच्या पुण्यातल्या मित्राला जागा बदलताना ठेवता येईनात, म्हणून हे दोघे भाऊ आमच्याकडे आले. एकाच मडक्यात एकमेकांच्या अंगावर झोपायचे.

हेडसरांना सांगून रिक्षा पकडली. नवरा कामाला रत्नागिरीला गेलेला, घरी फक्त सासूबाई. पोचले तेव्हा भावोजी खुर्चीत बसून आरामात चहा पीत होते.

म्हापशातला त्यांचा कुणी मित्र परदेशी चालला होता. त्याच्याकडचा एकटा देगू यांनी खोक्यात घालून आणला आणि मला एक फोनसुद्धा न करता थेट पिंजऱ्यात सोडला. "दोघांका तिसरो दोस्त, म्हणान टाकलंय," म्हणाले.

देगू स्वतःच्या जागेत अनोळखी देगूला असा शिरू देत नाहीत... जाळीच्या दोन बाजूंना ठेवून, वास ओळखीचा करून, हळूहळू जमवावं लागतं. बरं, हे माहीत नसेल तर नसेल. पण मारामारी सुरू झाल्यावर माणूस आधी सोडवेल की आधी व्हिडिओ काढेल?

आणि सोडवलं तेही कसं... बंडूला शेपटीला धरून उचललं. देगूच्या शेपटीची कातडी अशी ओढली की सरळ निघून येते. बंडूचा झुपका गेला होता आणि टोकाला नुसतं लाल, उघडं हाड दिसत होतं.

"वयनी, एवढा काय झाला? उंदीरच ते," भावोजी म्हणाले. मी थेट पिंजऱ्याकडे वळले. बोलले असते तर नातं तुटलं असतं.

तिघांना वेगळं केलं. पाहुण्याला जुन्या पोपटाच्या पिंजऱ्यात, बंडूला झाकणाला भोकं असलेल्या डब्यात. खंडूचा कान फाटला होता, पाहुण्याला मागच्या बाजूला दोन चावे होते... कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून सगळं पुसून काढलं. घरातलं कुठलंही मलम लावलं नाही, कारण ते चाटतात आणि पोटात जातं.

मग बंडूला घेऊन कुडाळला गेले. तिथले डॉक्टर जास्त करून गुरं आणि कुत्री बघतात. असा प्राणी पहिल्यांदाच बघतोय हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि माझ्यासमोरच गोव्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीला फोन लावून विचारून घेतलं. उघडं हाड वाळून आपोआप गळेल, फक्त स्वच्छ ठेवा, वास आला किंवा सूज आली तर लगेच आणा, असं म्हणाले. मला त्या क्षणी कुणीतरी गंभीरपणे घेतंय एवढंच खूप वाटलं.

घरी आल्यावर बंडूला खंडूजवळ सोडलं... तर खंडू त्याच्यावरच धावून गेला. बंडूला औषधाचा वास येत होता ना. भावाने भावाला ओळखलं नाही. खरं सांगते, तोवर आवरून धरलेलं रडू तिथे फुटलं.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर बंडूच्या शेपटीचा फोटो टाकला आणि जे झालं ते लिहिलं. पहिलं उत्तर आलं, 'उंदरासाठी डॉक्टर???' आणि परत तेच लोळणारे चेहरे. डोक्यात तिडीक गेली... मी ग्रुप सोडायलाच निघाले होते.

तेवढ्यात ग्रुपवर सासूबाईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या या दोघांना कायम 'तुझे उंदीर' म्हणतात, कधी हात लावत नाहीत. ग्रुपवर तर फक्त देवांचे फोटो टाकतात.

"ज्येंका हसाक येता, त्येंनी माझ्या घराक येवा. त्या मुक्या जनावराची शेपटी सोलान गेली हा. ती बघा नि मगे हसा. आणि माझ्या घरात काय आणूचा असात तर माझ्या सुनेक विचारूक व्हया."

ग्रुप सोडायचा राहूनच गेला. मी स्वयंपाकघरात गेले तर त्या शांतपणे बांगडे साफ करत होत्या. "चाय घे गो," म्हणाल्या.

बंडूचं हाड वाळून गळलं, शेपटी आखूड झाली पण जखम भरली. देगू कोरड्या मातीत लोळून आंघोळ करतात... वास ओळखीचा व्हावा म्हणून रोज एकाची ती माती दुसऱ्याला देत, पिंजरे शेजारी ठेवत, दोघा भावांना परत एकत्र आणायला पुष्कळ दिवस गेले. पाहुण्याचं त्यांच्याशी जमलं नाही, तो वेगळ्या पिंजऱ्यात मजेत आहे... सासूबाई त्याला वाळलेलं गवत घालतात, कुणी बघत नसेल तेव्हा.

परवा भावोजी आले होते. पिंजऱ्यापासून जरा लांबच थांबले आणि म्हणाले, "वयनी, हात लावू काय?"

मी नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला आणि सॉरी न म्हणता वाकून बंडूची आखूड शेपटी बघितली.

राग माझा अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करत नाहीये. दुसऱ्याच्या घरातल्या जिवाला हात लावण्याआधी विचारायचं असतं... माझ्या बाजूने हे बोलायला त्या दिवशी घरात एक माणूस होतं, याचं मात्र फार बरं वाटतं.