बॅनरवरचा शहीद आणि त्याची बायको

शिसारी आलीय, म्हणून लिहितोय.

माझ्या आजोबांचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेला. आमच्या बाळकुम गावातल्या घरात कोणाचीही हळद असो, बॅनरवर पहिला फोटो या शहिदाचा.

आज युद्धात मेलेल्या सैनिकांच्या ऑनलाइन यादीत त्याची नोंद सापडली. त्यात बायकोचं नाव होतं, ठमाबाई. आम्हाला तर त्याचं लग्नच झालं नव्हतं असं सांगितलेलं! मी फॅमिली ग्रुपवर टाकलं.

लगेच काकांचा फोन. "पयले ते डिलीट कर. बिल्डरशी जमिनीची बोलणी चाललीत. तिच्या भावाची पोरं हिस्सा मांगाला आली तर?"

म्हणजे काकांना ती माहीत होती.

यांना बॅनरवर शहीद हवाय, सातबाऱ्यावर त्याची विधवा नको.

रविवारी घरात हळद आहे. बॅनर मीच छापून आणणार आहे. त्याच्या फोटोखाली ठमाबाईचं नाव टाकू ना?