ब्लोअर बंद ठेवला तो दिवस

विरार पश्चिमेच्या एका सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायची टाकी माझे बाबा चालवतात. आमची खोली टाकीला लागूनच आहे. ब्लोअर नावाचं यंत्र पाइपांतून टाकीत सतत हवा सोडतं, त्याची घरघर भिंतीतून येत राहते. पाण्यात हवा कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "आत जीव हायेत. ते घान खातात. त्यांना हवा लागते," बाबा म्हणाले. मला ते गोष्टीतलं वाटलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या दिवशी पहाटे, बाबा गावी लग्नाला गेले. "ब्लोअरकडे लक्ष ठेव, बाय," एवढंच सांगून.

पेपर सूक्ष्मजीवशास्त्राचा होता. त्या आवाजात एकही ओळ डोक्यात शिरेना. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, नापास व्हायची फार भीती वाटायची. सकाळी नऊला मी ब्लोअर बंद केला. तासाभराने लावू म्हटलं. शांततेत वाचता वाचता संध्याकाळ झाली. वाचत काय होते, तर ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू.

कुजका वास आला तेव्हाच बाबा परत आले. चप्पल न काढता टाकीकडे गेले.

"पानी काळं कसं पडलं?"

मी खरं ते सांगितलं. वासाची तक्रार कमिटीकडे गेली, तर त्यांचं काम जाणार, हे मला माहीत होतं. त्यांनी ब्लोअर लावला, बादली उचलली आणि शेजारच्या सोसायटीच्या टाकीवर निघाले. दुसरी बादली घेऊन मी मागोमाग.

बाबांनी झालेलं सांगितलं, तसे तिथले ऑपरेटर काका हसले. "काय गं, अभ्यासात सगळे जीव मारलेस? ने माझे. पण ह्यांना तरी झोपवू नकोस."

जिवंत जीवाणूंनी भरलेला दोन बादल्या तपकिरी गाळ आम्ही विरजण लावावं तसा टाकीत ओतला.

सकाळी बाबांनी टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवलं. अर्ध्या तासाने गाळ खाली बसला, वर पाणी निवळलं. झाकण काढून त्यांनी हुंगलं, मग बरणी माझ्यापुढे धरली. ओल्या मातीचा वास होता.

"जगले," ते म्हणाले. मग, "हवेबिगर किती वेळ तग धरतात, पुस्तकात दिलंय का गं?"

मी पानं चाळली. सापडलं नाही.

पेपर झाल्यावर आमच्या शिकवणाऱ्या बाईंना टाकीतल्या जीवाणूंबद्दल बाबांचा प्रश्न विचारायला थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"सगळे लगेच मरत नाहीत. काही जण हवेशिवायही निभावतात," बाई म्हणाल्या. "पण तू टाकी कुठे पाहिलीस?"

"घरी," मी म्हटलं.