गप्प बसणारी चूक

महिन्यापूर्वी सकाळी वामनकाकांच्या वर्षाचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले. झोपेतच..." आणि माझ्या तोंडून निघालं, "शेवटचं गाणं झालं होतं?" मेलं, ही काय विचारायची वेळ! पण ती रागावली नाही. "झालं होतं. परवाच," म्हणाली. रडू आलं, ते दुःखाचं कमी आणि सुटकेचं जास्त होतं.

वामनकाका माझ्याकडे आले ते कापसाच्या वाईट वर्षांत. दारव्ह्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. सरकी काढणारी एकेक जिनिंग बंद पडत होती. काकांची कारकुनीही अशाच एका जिनिंगबरोबर गेली, पण ते नोकरीसाठी शिकायला आले नव्हते. त्यांची माय विहारात, लग्नांत गाणी म्हणायची. शब्द तिचे, चालीही तिच्याच. ती गेल्यावर त्या चाली फक्त काकांच्या गळ्यात उरल्या होत्या आणि त्यांना त्या कागदावर उतरवायच्या होत्या. मी एक प्रोग्राम दाखवला. फाइलमध्ये सुरांची अक्षरं टाइप करायची, तो छापील स्वरलिपी करून देतो, वाजवूनही दाखवतो. चुकलं की ओळीचा नंबर देऊन इंग्रजीत खडसावतो.

काकांनी माझं पुरतं ऐकलंच नाही. एस, आर, जी, एम... सरळ सारेगम टाइप करून मोकळे. मशीनने एमवर बोट ठेवलं, हा सूर नाही. काका भडकले. "काहून वो मॅडम? मायचं अर्धं गाणं मध्यमात हाये, अन् हे म्हणते म सूरच नाई!" याला आपली सरगम कळत नाही, इंग्रजी सूर कळतात, हे सांगून मी त्यांना तक्ता दिला. गडी हुशार. ज्या अक्षरांवर मशीन रागावलं तेवढीच त्यांनी बदलली. दुसऱ्या दिवशी एकही चूक नाही! साऱ्या क्लासला जिलेबी वाटली आणि गाणं वाजवलं, तर ग आणि ध भलतेच, आणि जिथे जिथे सा आणि रे, तिथे शांतता. त्या भाषेत एस आणि आर म्हणजे विश्रांती.

"मंग बोललं काहून नाई?" काकांचा चेहरा उतरला.

"त्याला वाटलं, तुम्हाला तिथे गप्पच राहायचंय. बोलणारी चूक परवडते काका, गप्प बसणारी नाही."

मी आपली शिकवण्याच्या भरात बोलून गेले. काका गळ्याला हात लावून हळूच म्हणाले, "मॅडम, दोन महिने झाले, घास गियताना दुखून राह्यलं. घरी नाई सांगतलं."

त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कसं काय विचारलं, की 'बरं हाये' म्हणायची सवयच लागली होती सगळ्यांना. मी तडक वर्षाला बोलावलं. गळ्याचा कॅन्सर निघाला, नागपूरला ऑपरेशन झालं. आवाज गेला, पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर काका अकरा वर्षं जगले. गळा गेला तरी कान शाबूत होते. एकेक चाल पेटीवर शोधायची, मग टाइप करायची.

परवा वर्षाने त्यांची वही आणून दिली. मशीनचा प्रत्येक संदेश काकांनी तिच्यात आपल्या बोलीत उतरवलाय. 'कंस उघडला, लावाले इसरला.' 'चूक खालच्या ओयीत दाखवते, असते वरच्या ओयीत.' शेवटच्या पानावर शेवटच्या गाण्याचं नाव आहे आणि खाली लिहिलंय, 'मशीन काहीच बोललं नाई. म्हणून वाजवून पाह्यलं. वाजलं.'