वीस लिटर की तीस? कॅमेऱ्याची सॅक घेऊन निघोज, श्रीगोंदा आणि रेहेकुरी

"काकू, तुम्ही मोबाईलवरच काढा ना फोटो. हल्ली मोबाईलचे कॅमेरेसुद्धा छान असतात," आमच्या कॅमेरा मंडळाचे सेक्रेटरी बारा जणांसमोर मला म्हणाले. त्यांचं वय बावन्न, माझं सहासष्ट. विषय होता मंडळाच्या थंडीतल्या कच्छ सहलीचा. पाच दिवस, रोज सात-आठ किलोमीटर चालणं, आणि नियम एकच: ज्याचं सामान त्याच्या पाठीवर. "झेपेल का, ते रविवारपर्यंत कळवा. नाहीतर दुसऱ्या कुणाला जागा देता येईल," असंही त्यांनी हसत सांगितलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टरनी आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. चारचौघांत आवाज चढवायचा नाही, आणि अपमान विसरायचा नाही. दुसरी कदाचित त्यांनी शिकवली नसेल, मी आपली शिकले.

पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता. आठ महिने हात डोक्यापर्यंत जात नव्हता. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तेव्हाच बजावलं होतं, पाठीवर सहा किलोंच्या वर काहीही घ्यायचं नाही. म्हणजे सेक्रेटरींचा प्रश्न उद्धट असला तरी खोटा नव्हता. त्याचं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं होतं.

म्हणून बुधवारी कापड बाजाराजवळच्या एका दुकानात गेले. कॅमेऱ्याच्या दोन सॅक समोर ठेवल्या होत्या, एक वीस लिटरची, एक तीस लिटरची.

"ताई, मोठीच घ्या. उद्या लेन्स वाढल्या तर?" दुकानदार म्हणाले.

"उद्या माझं वय वाढणार आहे, लेन्स नाही."

शेवटी मी दोन्ही घेतल्या. चार दिवसांत एक परत करायची, डाग नाही, लेबल तोडायचं नाही, या अटीवर. दुकानदारांनी कुरकुर केली, "वापरलेला माल परत घेत नाही आम्ही." मी म्हटलं, वापरणार नाही, तपासणार आहे.

सॅक घेणाऱ्यांसाठी इथेच सांगते. दुकानात सगळे लिटर सांगतात, रिकाम्या सॅकचं वजन कुणी सांगत नाही. घरी काट्यावर ठेवली तर वीसची भरली एक किलो शंभर ग्रॅम, तीसची एक किलो नऊशे. कॅमेरा सातशे ग्रॅम, छोटी लेन्स अर्धा किलो, लांबची लेन्स दोन किलो, ट्रायपॉड दीड, पाणी एक. मोठ्या सॅकमध्ये हे सगळं घातलं तर साडेसात किलोंच्या वर जातं. ट्रायपॉड तिथेच घरी बसला.

पहिला दिवस: तीस लिटर, निघोज

गुरुवारी सकाळी तारकपूर स्टँडवरून पारनेरची एसटी पकडली. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पाट्या बदलल्यात, कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. बायकांना तिकीट अर्धं. मोठी सॅक वरच्या फळीवर मावेना, म्हणून मांडीवर घेतली. सुप्याला एमआयडीसीची माणसं उतरली आणि एक बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी सॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, लेकरू हाय का बॅग हाय? एवढं कवटाळून बसलाय."

"लेकरापेक्षा महाग आहे."

"मंग ठिवा खाली. लेकरू असतं तर म्याच घेतलं असतं."

पारनेरहून निघोजला दुसरी एसटी. निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले नसतील तर जरूर जा, पण सकाळी लवकर जा, दुपारी तो काळा दगड तव्यासारखा तापतो. पाण्याने आणि गोट्यांनी हजारो वर्षं घासून दगडात खोल, गुळगुळीत खड्डे पाडलेत. काही घागरीएवढे, काही विहिरीएवढे. वाकून एकात डोकावलं तर तळाशी हिरवट पाणी आणि त्यात ते घासणारे गोटे अजून तसेच पडलेले. मी तासभर फक्त कडांचेच फोटो काढत बसले. पाण्याने एवढा सफाईदार वळसा कसा घेतला असेल, हे बघायला मला आणखी तासभर लागला असता.

पण खडकावरून उतरताना सॅकने मला दगा दिला. तीस लिटरच्या सॅकमध्ये माझं सामान अर्ध्याहून कमी जागा घेत होतं. कप्प्यात लेन्स सरकायची, वजन एकदम मागे जायचं. एका उतारावर मी चक्क मागे बसले. कॅमेरा वाचला, माझी अब्रू नाही. नदीवरच्या झुलत्या पुलावरून दोन तरुणी पाहत होत्या.

देवळाजवळच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली, एकशेवीस रुपये, भाकरी बाजरीची आणि गरम. खांदा तोवर ठणकायला लागला होता. घरी येऊन मोठी सॅक ओल्या फडक्याने पुसली आणि बाजूला ठेवली. मोठी नको, एवढं ठरलं. लहान तरी झेपते का, हे बघायचं राहिलं.

दुसरा दिवस: वीस लिटर, श्रीगोंदा

शुक्रवारी श्रीगोंद्याची एसटी धरली. माझी जुनी मैत्रीण कमल तिथे राहते. आम्ही एकाच कचेरीत अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून टायपिंग केलं. ती निवृत्त झाल्यावर शेतावर परत गेली. आजूबाजूला सगळा ऊस, हिच्या शेतात मात्र लिंबं.

फाट्यावरून मळा दीड-दोन किलोमीटर. लहान सॅक घट्ट भरली होती, काहीही हलत नव्हतं. तरी मळ्यात पोचेपर्यंत खांद्यात तीच कळ. मला रडूच आलं. सॅक खाली टाकली आणि कमलला म्हटलं, "तो माणूस बरोबर बोलला. मला नाही झेपत."

"शाले, तू आणि हार मानतेस? आधी चहा पी," कमल म्हणाली.

पत्र्याच्या शेडमध्ये लिंबं निवडायचं काम चाललं होतं. पाच-सहा बायका आकाराप्रमाणे लिंबं वेगळी करत होत्या. मी तिथल्याच काट्यावर सॅक ठेवली. मुक्कामाचे कपडे धरून पाच किलो नऊशे. म्हणजे हिशेबात सगळं बरोबर होतं, तरी दुखत होतं.

हिराबाई नावाची बाई भरलेला क्रेट उचलून टेम्पोकडे नेत होती. माझ्याच वयाची असावी. परत येताना ती माझ्यापाशी थांबली.

"घाला बरं पाठीवर. चाला जरा."

मी चालले. ती मागून बघत होती.

"बाई, वजन न्हाई जड तुमचं. जागा चुकलीय. बुडावर लोंबतंय समदं."

"हा पट्टा कमरेचाच आहे," मी म्हटलं.

"कंबर कुटं हाय न् पट्टा कुटं हाय! कुना गड्याच्या मापाचं हाय हे."

तिने पट्ट्यात हात घातला. पट्टा माझ्या कमरेच्या हाडाच्या चार बोटं खाली लटकत होता आणि सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांनी धरला होता. आत बघितलं तर सगळ्यात जड लेन्स मी तळाच्या कप्प्यात ठेवलेली, 'जड खाली, हलकं वर' या भाजीच्या पिशवीच्या नियमाने. हिराबाईने तिला हात न लावता मला काढायला लावली. "तुमचं महागाचं हाय, तुमीच ठिवा. हितं, वर. पाठीला चिकटून." मग खांद्याचे पट्टे आवळले, सॅक वर ओढली, आणि एक जुनं सुती फडकं घडी करून कमरेच्या पट्ट्याखाली दिलं, डोक्यावरच्या चुंबळीसारखं.

"आता सोडा खांदे. ढिले सोडा. भार कमरंवर घ्या."

मी शेडला तीन फेऱ्या मारल्या. कळ आली नाही. मी आणखी तीन मारल्या. निवडणाऱ्या बायका हसायला लागल्या, "बाई आता पुन्यालाच जात्यात चालत!"

मी हिराबाईला विचारलं, हे कुणी शिकवलं?

"कोन शिकवनार? पंचवीस वर्सं वाहत्ये. खांद्यानं वाहिलं असतं तर भाकरी थापाया हात उचलला नसता." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "हे मातर गेलं."

मी हौसेसाठी वाहते, ती पोटासाठी. मी तिचा फोटो काढू का विचारलं. तिने पदर नीट केला, क्रेट उचलला आणि म्हणाली, "बसून नगं, उचलताना काढा."

तिसरा दिवस: रेहेकुरी

शनिवारी पहाटे श्रीगोंद्याहून कर्जतची एसटी, कर्जतहून रिक्षा. थांबून परत आणण्याचे चारशे ठरले, आधी सहाशे सांगितले होते. निघताना कमलने स्वतः सॅक उचलून माझ्या पाठीवर चढवली. "तू फक्त पट्टा आवळ," म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं.

रेहेकुरीचं अभयारण्य म्हणजे हिवर-बाभळीची विरळ झाडं आणि मैलभर वाळलेलं गवत. तिथले वनरक्षक म्हणाले, "मागं लागू नका. झाडाखाली बसून ऱ्हावा. त्यांनाच लई उत्सुकता असती, कोन आलंय बघायची."

मी तासभर चालले, मग बसले, मग पुन्हा चालले. तीन तासांत चार-पाच किलोमीटर तरी झाले असतील. एका वळणावर काळवीट उभा होता. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पिळाची शिंगं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. लेन्स वरच्या कप्प्यात होती म्हणून लगेच हाताला आली. पाच फोटो मिळाले, त्यातला एक चांगला. त्यात त्याचा एक कान माझ्याकडे आहे आणि दुसरा मागच्या माद्यांकडे. दोन कान दोन दिशांना वळवून तो काय ऐकत असेल, याचा मी अजून विचार करते आहे.

रिक्षात बसल्यावर सॅकचा खालचा कप्पा उघडला, पुसायचं फडकं ठेवायला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाची किलोभराची ढेप. आणि लिंबं. पंचवीसएक तरी.

कर्जतला एका किराणा दुकानात काट्यावर सॅक ठेवली. आठ किलो शंभर ग्रॅम. मी तिथूनच फोन लावला.

"कमल, तू वेडी आहेस का? माझा खांदा गेला असता तर?"

"अगं, लेन्स वर गेली आणि खालचा कप्पा मोकळा झाला. मोकळी पिशवी घेऊन माणूस मळ्यातून जातं का? वानवळा आहे तो. दिसता तर तू काढून ठेवला असतास."

"काढलाच असता! सहा किलोंची मर्यादा आहे मला!"

"मग? दुखला का खांदा?"

मी खांदा हलवून बघितला. कमरेच्या दोन्ही हाडांवर लाल वळ होते, पोटऱ्या भरून आल्या होत्या. खांदा गप्प होता. कमलला हे कबूल करायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर ती हसत होती.

तुम्ही असं करू नका. शेतावरून निघण्याआधी आपल्या सॅकचे सगळे कप्पे स्वतः उघडून बघा, मैत्रीण कितीही जुनी असली तरी. मीही कच्छला सहा किलोच नेणार, पण आता ते भीतीने नाही.

घरी

रविवारी सकाळी खांदा ठीक होता. दुकानात मोठी सॅक परत दिली. लहान ठेवली, पण दुकानदारांकडून तिचे खांद्याचे पट्टे दोन खाचा खाली बसवून घेतले. तसे ते बसवता येतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सॅक घ्यायला जाल तेव्हा लिटर नंतर विचारा. आधी मानेच्या मागे वर आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत टेपने मोजून घ्या. माझं भरलं सोळा इंच, सॅकची पाठ एकोणीस. 'बायका-पुरुष सगळ्यांसाठी' असं लेबलवर लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्यांनी बाई फक्त लांबून पाहिलेली असावी.

मग सेक्रेटरींना फोन केला.

"माझं नाव लिहा. मी येते आहे."

"काकू, नक्की ना? म्हणजे... बॅग किती किलोंची होईल तुमची?"

"पाच नऊशे. तुमची किती?"

"मोजली नाही कधी," ते म्हणाले.

"मोजा. मी थांबते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुठलंतरी कपाट उघडलं, बायकोला काटा कुठे आहे ते विचारणं ऐकू आलं. बऱ्याच वेळाने ते परत आले. आवाज जरा खाली आला होता.

"साडेअकरा."

"आणि दुखतं कुठे?"

"खांदे," ते म्हणाले. "दोन्ही. तीन वर्षं झाली. मंडळात कुणाला सांगितलं नाहीये, काकू."

मी त्यांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगितलं, आणि टेप.